पापणीचा भरवसा

“थंड आहे,” पापणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मिटलेल्या डोळ्यावरचं अंडं खाली घेतलं.

मालक दाराशी हाताची घडी घालून उभे होते. “पण बाई, सकाळी आठला तुम्हीच चकती अर्धं घर वर नेली होती ना?”

“नेली होती. म्हणून काय आता थंडला गरम म्हणू?”

“छे छे, तसं नाही. तुम्ही म्हणाल ते.”

बाईंनी अंडं ट्रेमध्ये परत ठेवलं, उबवणी यंत्राची ऊब कमी-जास्त करायची चकती आणखी अर्धं घर वर सरकवली आणि दार लावून घेतलं. वरच्या ट्रेपासून खालच्या ट्रेपर्यंत बाराशे अंडी आत गपगार बसली होती. आजचा अठरावा दिवस. अजून तीन दिवसांनी पिल्लं टोच मारून बाहेर येणार होती.

अंडी उबवण्याच्या त्या केंद्रात थर्मामीटर नव्हता असं नाही. यंत्राच्या काचेमागे पाऱ्याचा चांगला लांबलचक थर्मामीटर टांगलेला होता; पण काचेबाहेरच्या खिळ्यावर गेली कित्येक वर्षं बाईंचा नॅपकिन वाळत असे आणि त्यामागे पारा कुठवर आहे हे बघायची कोणाला गरज पडली नव्हती. बाई नवीन होत्या तेव्हा एकदा हाच पारा अडकून बसला. काच सांगत होती सगळं ठीक आहे, बाईंनी एक अंडं उचलून पापणीवर टेकवलं आणि म्हणाल्या, हे तापलंय. ही युक्ती त्यांच्या आजीची. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला फसवता येत नाही, असं आजी म्हणायची. त्या दिवशी पापणी खरी ठरली, सगळी पिल्लं वाचली आणि बाईंचं खरं नाव केंद्रात सगळे विसरून गेले ते आजतागायत.

मालकांना तर या पापणीचा भारी अभिमान. स्वयंचलित यंत्रं विकणारा माणूस दर वर्षी रंगीत कागद घेऊन यायचा आणि मालक त्याला चहा पाजून परत पाठवायचे. “तुमचं यंत्र वीज गेली की आंधळं,” ते म्हणायचे, “आमच्याकडे बाई आहेत.” हे वाक्य बाईंनी दाराआडून ऐकलेलं होतं. पन्नाशीच्या बाईला तिच्या पाठीमागे असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे ते त्यांनी मनात नीट घडी घालून ठेवलं होतं आणि अधूनमधून त्या ते काढून बघायच्या.

त्या दिवशी दार लावून वळल्या तेवढ्यात बाईंच्या मानेवरून पाण्याचा ओघळ पाठीत उतरला. कान तापले होते ते हळूहळू निवू लागले. बाईंनी बाहीने कपाळ पुसलं, कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि पुटपुटल्या, “आली आणि गेली मेली.”

ही मेली चार महिन्यांपासून येत होती. आधी छातीत एक ठिणगी पडल्यासारखं व्हायचं, मग गळा, गाल, कान असा वणवा पेटत जायचा आणि पाच-दहा मिनिटांत घामाने भिजवून निघून जायचा. पाळी तर आधीच लहरी झाली होती. बाईंना त्याचं दुःख नव्हतं. पण हा जाळ कुठेही, कधीही आणि कोणासमोरही पेटायचा, याचा त्यांना फार संताप यायचा.

घरात ही गोष्ट लपली नाही, कारण घरी नणंद यायची. ती बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी. या वाटेवरून आधी जाऊन आल्यामुळे आता ती इतरांना वाट दाखवत होती, आणि तीसुद्धा हात धरून, ओढत.

“वहिनी, गोळ्याबिळ्या नंतर. आधी नैसर्गिक,” असं म्हणून तिने फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला. सकाळी चमचाभर जवसाची पूड. दूध सोयाबीनचं. चहा बंद. तिखट बंद. रोज अर्धा तास चालणं. जाळ आला की सात लांब श्वास आणि मनगटं गार पाण्याखाली. शेवटी लाल अक्षरांत लिहिलं होतं, उशी फ्रिजमध्ये ठेवणे.

बाईंचा नवरा शिंपी होता. कमी बोलणारा, आणि बोलला तरी तोंडात टाचण्या धरून. तो पहिल्याच दिवशी संध्याकाळी दूध काढायला गेला आणि फ्रिजचं दार उघडं टाकून तसाच उभा राहिला.

“अगं, फ्लॉवरच्या शेजारी उशी आहे.”

“असू दे.”

“बरं,” तो म्हणाला आणि उशी जराशी सरकवून त्याने दूध काढलं.

बाईंनी उपाय प्रामाणिकपणे केले. जवसाने पोटात असा काही गडगडाट सुरू केला की दोन दिवस त्या यंत्राच्या घरघरीजवळच उभ्या राहिल्या, म्हणजे कोणाला वेगळा आवाज येऊ नये. सोयाबीनचं दूध मांजराला दाखवलं. मांजर त्यांच्याकडे बघून उठून गेलं. चालण्याने मात्र बरं वाटलं, झोप जरा सलग लागू लागली. चहा बंद झाला नाही, पण पाच कपांचा दोनवर आला आणि जाळही थोडा मवाळ झाला असं त्यांना वाटलं. सात श्वासांचाही उपयोग होत होता. फक्त हा उपाय केंद्रात करता येत नसे; तिथे हवेत पिल्लांची लव उडत असते, आणि तिसऱ्या लांब श्वासाला बाईंना अशा शिंका सुटल्या की मालकांनी “कोंबड्यांना सर्दी झाली की काय?” म्हणून आतून विचारलं.

“सासरी जा तू, तुझ्या घरी,” त्या एकदा वैतागून नणंदेला म्हणाल्या. “मला जगू दे.”

“हे बघ, चिडचिड,” नणंद शांतपणे म्हणाली. “हेही त्यातलंच लक्षण. त्याला आणखी एक चमचा जवस.”

पण केंद्रात बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे ताप म्हणजे अंड्यांचा. बाईंच्या अंगात काय पेटतंय याची चर्चा मालकांसमोर करायची, या कल्पनेनेच त्यांना आणखी एक जाळ आला असता.

तर त्या अठराव्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला पुन्हा छातीत ठिणगी पडली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ थंड खोलीकडे निघाल्या. ताजी अंडी यंत्रात जाईपर्यंत या खोलीत ठेवतात, इतकी गार की माणसाने स्वेटर घालूनच आत जावं. गेले महिनाभर बाई दिवसातून तीनदा “अंडी मोजून येते” म्हणून तिथे जात होत्या. सगळ्या उपायांत हा एकच असा होता की ज्याने पोट बिघडत नव्हतं.

त्यांनी दार ढकललं. आत उपड्या खोक्यावर मालकीणबाई बसल्या होत्या. गळ्याचं वरचं बटण उघडं, आणि हातात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन त्या जिवाच्या आकांताने वारा घेत होत्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“मी अंडी मोजत होते,” मालकीणबाई म्हणाल्या.

“मीही मोजायलाच आले,” बाई म्हणाल्या आणि दुसरं खोकं उपडं करून बसल्या.

थोडा वेळ दोघींनी समोरच्या अंड्यांकडे फार मन लावून पाहिलं.

“किती भरली?” मालकीणबाईंनी विचारलं.

“अजून मोजतेय. तुमची?”

“माझं सारखं चुकतंय,” असं म्हणून मालकीणबाईंनी बाईंकडे निरखून पाहिलं. “बाई, तुमचे कान टोमॅटोसारखे झालेत.”

“तुम्ही स्वतःचे बघितले नाहीत म्हणून.”

मग मालकीणबाईंना हसू फुटलं. बाईंनाही आवरेना. इतक्या वर्षांत या दोघी कधी बरोबरीने बसल्या नव्हत्या. आता उपड्या खोक्यांवर बसून, एकाच पुठ्ठ्याने आळीपाळीने वारा घेत हसत होत्या.

“ह्यांना वाटतं मी फार काटेकोर झालेय,” मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. “सहा महिने झाले, रोज अंडी मोजते. ह्यांनी परवा पाहुण्यांना सांगितलं, आमच्या हिचं लक्ष फार.”

“माझ्या नणंदेने जवस चालू केलंय.”

“अगं बाई! पोट?”

“विचारू नका.”

पुन्हा हसणं झालं. मग मालकीणबाईंचा आवाज जरा उतरला. “सगळं चालतं हो, पण भरवसा जातो स्वतःवरचा. परवा नात किरकिर करत होती. मी कपाळाला हात लावून बघितला, गार लागलं. म्हटलं, काही ताप नाही, खेळ जा. सुनेने थर्मामीटर लावला तर एकशे दोन! मला कळेना. मग लक्षात आलं, माझाच हात त्या वेळी असा भाजत होता की पोरीचं तापलेलं कपाळ मला गार लागलं.”

बाई हसणार होत्या. तोंडही उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

“काय झालं?” मालकीणबाईंनी विचारलं.

बाई उठल्या. खोकं कलंडलं, दार भिंतीवर आदळलं, आणि बावीस वर्षांत ज्यांना केंद्रात कोणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं त्या पापणीबाई व्हरांड्यातून धावत सुटल्या.

यंत्रासमोर येऊन त्यांनी आधी, सवयीने, वरच्या ट्रेमधलं अंडं काढून पापणीवर टेकवलं. थंड होतं. धावल्यामुळे आणि जाळामुळे त्यांच्या पापण्या चरचरत होत्या, आणि त्या चरचरणाऱ्या पापणीवर अंडं मस्त गार लागत होतं. बाईंनी अंडं परत ठेवलं. खिळ्यावरचा नॅपकिन ओढून काढला आणि काचेतून आत पाहिलं.

शंभरच्या जरा खाली असायला हवा होता तो पारा एकशे तीनच्या वर उभा होता.

क्षणभर बाईंचं मन त्या काचेवर विश्वास ठेवायला तयार होईना. हीच काच एकदा खोटं बोलली होती, आणि पापणी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. पण मालकीणबाईंच्या नातीचं कपाळ त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आत बाराशे जीव होते, आणि ते पंखासारखे काहीतरी मुडपून, घामही न येणाऱ्या कवचात बंद होते. बाईंनी चकती थेट खाली आणली, दार सताड उघडलं, हवेची भोकं मोकळी केली आणि कोमट पाण्याचा फवारा घेऊन वरच्या ट्रेपासून मारायला सुरुवात केली. तोंडाने त्या सारखं “जरा थांबा रे, जरा थांबा” म्हणत होत्या. रडू येत होतं, पण रडायला हात रिकामा नव्हता.

पारा शंभरावर उतरला तेव्हा मालक दारात उभे होते. मागे मालकीणबाई धापा टाकत आल्या होत्या.

“काय बाई, अंड्यांना वारा देताय?” मालकांनी कौतुकाने विचारलं.

वारा देतातच. अधूनमधून दार उघडून अंड्यांना हवा द्यायची रीत आहे. नुसतं “हो” म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. चार पिल्लं कमी आली तर कोंबड्यांना नावं ठेवता आली असती. मालकांनी तेही मानलं असतं. बाईंच्या ओठांवर तो “हो” येऊन बसला होता. मग त्यांनी हातातल्या नॅपकिनकडे पाहिलं.

“नाही मालक. सकाळपासून मी चकती वर नेतेय, ती चुकून. अंडी थंड नव्हती. माझी पापणी तापली होती.”

“पापणी कशी तापेल?”

“तापते,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

“डोळे आलेत का? डॉक्टरकडे—”

“अहो, डोळे नाही,” मागून मालकीणबाई म्हणाल्या. “वय आलंय. पाळी जायची वेळ झाली की अंगातून वाफा निघतात बाईमाणसाच्या. त्यांच्या निघतात, माझ्याही निघतात. मी सहा महिने थंड खोलीत काय करते असं वाटलं तुम्हाला?”

“अंडी मोजते,” मालक क्षीणपणे म्हणाले.

“कशाची अंडी आणि कसलं मोजणं!”

मालकांचे कान लाल झाले. माहीत नसलेल्या कोणाला तिथे तिघांनाही एकाच वेळी जाळ आलाय असं वाटलं असतं. ते काचेजवळ गेले, डोळे बारीक करून पाऱ्याकडे बघत राहिले आणि तसेच बाहेर गेले. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तोंडातल्या टाचण्या काढून ऐकत होता, म्हणजे विषय गंभीर होता.

“आता ते यंत्रवाल्याला बोलावतील,” बाई म्हणाल्या. “आणि मला झाडलोटीला ठेवतील. बरोबरच आहे. पण मी पापणीबाई नसले तर कोण आहे हो तिथे?”

नवरा टेप घेऊन उठला आणि म्हणाला, “जरा हात वर कर.”

“आता कशाला?”

“कर तर.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कागदात गुंडाळलेला कोट पुढे केला. कामावर घालायचा, पांढरा, पातळ सुती, दही टांगायच्या फडक्यासारखा हलका. समोर बटणं नव्हती. गळ्यापासून खालपर्यंत टिचबटणं होती. एका हिसक्यात पुढचा भाग सगळा मोकळा व्हायचा. आतल्या खिशात कोट बेतायचा पुठ्ठा गोल कापून केलेला एक पंखा होता.

“कापड शिल्लक होतं,” तो म्हणाला आणि त्याने टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

त्या दिवशी पिल्लं आली. आधी एक टोच, मग चार ठिकाणी टोच, मग सगळ्या यंत्रात चिवचिवाट. खालचे ट्रे भरभरून आले, मधले जरा कमी. बाई ओली पिल्लं पाहत राहिल्या आणि नॅपकिन डोळ्यांना लावला. आता तो त्यांच्या खांद्यावर असे, खिळा रिकामा होता. वरचा ट्रे मात्र दुपार झाली तरी शांत होता. उष्णता वर चढते, आणि सगळ्यात जास्त झळ त्या ट्रेला लागली होती. पन्नासेक पिल्लं त्यातून निघाली, उरलेली अंडी तशीच होती.

“उशिरा येतील का?” मालकांनी विचारलं. तीन दिवसांत ते बाईंशी पहिल्यांदाच सरळ बोलत होते.

“काही येतील. काही गेली असतील.”

“कोणती ते कसं कळायचं? सगळी एकाच यंत्रात आहेत, पारा सगळ्यांना एकच दाखवणार.”

उत्तर दोघांना माहीत होतं. ट्रे बाहेर काढून थोडा वेळ ठेवला की मेलेलं अंडं निवतं, जिवंत आपली ऊब धरून राहतं. दोन्हींतला फरक बारीक असतो. तो पापणीलाच कळतो.

“बघता का?” मालक म्हणाले. आवाज अगदी हळू होता.

बाई ट्रेकडे निघाल्या आणि नेमकी तेव्हाच छातीत ठिणगी पडली. त्या थांबल्या. या वेळी इकडेतिकडे पाहिलं नाही. कोट धरून एक हिसका दिला. टच टच टच टच करत टिचबटणं सुटली आणि मालक दोन पावलं मागे सरले.

“थांबावं लागेल,” बाई म्हणाल्या. “माझे कान निवू देत.”

त्या थंड खोलीत जाऊन खोक्यावर बसल्या. मनगटांवर मालकीणबाईंनी गार पाणी ओतलं. तिथे लव उडत नव्हती, म्हणून सात श्वास नीट घेता आले. दाराबाहेर मालक उभे होते, घड्याळाकडे न बघता. कोणी घाई केली नाही.

मग बाई बाहेर आल्या, कोरड्या नॅपकिनने पापण्या टिपल्या आणि काढून ठेवलेल्या ट्रेमधलं पहिलं अंडं डोळ्यावर टेकवलं.

“गरम.”

मालकांनी ते दोन्ही हातांनी घेऊन यंत्रात ठेवलं.

“थंड. थंड. गरम. थंड.”

तासभर एवढंच चाललं. यंत्रात परत गेलेली अंडी थोडी होती आणि बादली भरत आली होती. बाईंनी प्रत्येक अंड्याला तेवढाच वेळ दिला. शेवटचं अंडं त्यांनी एका पापणीवर धरलं, मग दुसऱ्या पापणीवर, मग पुन्हा पहिल्या. मालकीणबाई श्वास रोखून बघत होत्या. समोर नॅपकिन नसलेल्या काचेत पारा स्वच्छ दिसत होता.

“थंड आहे,” पापणीबाई म्हणाल्या.

काचेकडे कोणी पाहिलं नाही. मालकांनी हात पुढे केला. पण ते अंडं बाईंनी त्यांना दिलं नाही. स्वतःच वाकून बादलीत अलगद ठेवलं आणि मग कोटाची टिचबटणं एकेक करून खालपासून वरपर्यंत लावली.